हातोहात फिरलेलं पुस्तक

मी एक पुस्तक बोलतोय. खरं तर पुस्तकाने गप्प बसायचं आणि वाचणाऱ्याने ऐकायचं, असा आमचा रिवाज. पण वाचणाराच भेटला नाही, तर गप्प बसून तरी काय करायचं?

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. मला लिहिणारा एक म्हातारा कार्यकर्ता होता. संघटना कशी उभी करावी, पोरांना वाचायला कसं लावावं आणि वेळ आली की खुर्ची कशी सोडावी, हे त्याने माझ्यात मांडून ठेवलं. बांधणीच्या दिवशी बाइंडरकडे पाहुणे यायचे होते. त्या गडबडीत त्याने माझी मधली सोळा पानं उलटी शिवली. सगळ्या भावंडांत मी एकटाच असा निघालो. आधी लाज वाटली. मग मनाशी म्हटलं, बरंच झालं. जो वाचेल तो इथे अडखळेल, बाइंडरला दोन शिव्या हासडेल, आणि मला कोणीतरी वाचतंय एवढं तरी कळेल. त्या दोन शिव्यांची वाट बघण्यात माझी उमर गेली.

मला अक्कांनी विकत घेतलं. अक्का म्हणजे एका संघटनेच्या अध्यक्षा. सत्काराला हार-गुच्छ द्यायचे नाहीत, पुस्तकच द्यायचं, हा त्यांचाच नियम. फुलं संध्याकाळी सुकतात, पुस्तक डोक्यात राहतं, असं त्या प्रत्येक सभेत सांगायच्या आणि टाळ्या पडायच्या. कार्यालयात मला चकचकीत निळ्या कागदात गुंडाळलं, वर सोनेरी फीत बांधली. बांधणाऱ्याच्या चहाचा एक थेंब फितीवर पडला, तो डाग तसाच राहिला. कागद देखणा होता, नाही कशाला म्हणू? पण आत नुसता अंधार.

मी आधी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदासकट मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि पुढच्या समारंभात वकिलांना दिलं. वकिलांनी मुख्याध्यापकांना दिलं. मुख्याध्यापक संघटनेच्याच एका कार्यक्रमाला आले आणि मला अक्कांच्या हातात ठेवून गेले. फोटो काढेपर्यंत लोक मला छातीशी धरत, फोटो झाला की बगलेत मारत. कागद शाबूत, फीत शाबूत, मीही शाबूत. पुस्तकाला शाबूत राहण्याचं कौतुक नसतं, हे माणसांना कोण सांगणार?

पुढे अक्कांचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांच्यामागे कोण, हे ठरवायला कार्यालयात बैठक बसली. त्याच बैठकीत दुसरा विषय होता, तरुणांना वाचनाची गोडी कशी लावावी. नव्या अध्यक्षाला भेट द्यायची म्हणून मी टेबलावर मधोमध होतो.

अक्कांच्या मनात त्यांचा भाचा होता. पोरगा वाईट नव्हता. सतरंज्या उचलण्यापासून सगळं केलेला, आत्याचा शब्द खाली पडू न देणारा. दुसरं नाव होतं कापडदुकानात काम करणाऱ्या एका मुलीचं. तिला सगळे 'शंका' म्हणत, कारण तिला प्रत्येक गोष्टीत शंका. रविवारी ती कार्यालयात कॉलेजची पोरं जमवायची, एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी भांडायचं. त्यांचा आवाज कपाटात मला ऐकू यायचा आणि जीव तळमळायचा. हाकेच्या अंतरावर वाचणारी माणसं, आणि मी भेटवस्तूंच्या खणात.

वाचनाचा विषय रंगात आला. फलक लावू, शपथ देऊ, मोठ्या पाहुण्याला बोलावू, असं एकेक निघत होतं. तेवढ्यात शंका उठली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, “अक्का, हे पुस्तक आपण देणार आहोत. यात काय आहे?”

माझ्या पानापानांत धडधड सुरू झाली. अक्कांनी फितीवर हात ठेवला. आता सोडतील, असं वाटलं.

“पोरी, विषयाला धरून बोल,” अक्का म्हणाल्या.

कोणीतरी फिदीफिदी हसलं. शंका खाली बसली. भाचा एकमताने अध्यक्ष झाला आणि मी त्याच्या हातात गेलो. शंका पुन्हा आली नाही. रविवारची पोरंही हळूहळू पांगली.

भाच्याने मला गाडीच्या मागच्या काचेपाशी टाकलं. तिथे उन्हात कागदाचा रंग उडाला. वर्षभर भाच्याला काम शिकवून झाल्यावर अक्कांचा निरोप समारंभ झाला, तेव्हा घाईघाईत हाताला लागलो तो मीच. भाच्याने वाकून नमस्कार केला आणि मला आत्याच्या हातात दिलं.

अक्कांच्या घरात एक खाट, एक खिडकी, दोन खुर्च्या आणि एक फोन. आधी तो फोन दम घेऊ देत नसे म्हणे. आता दिवसचे दिवस गप्प. सुरुवातीला कार्यकर्ते यायचे, मग सणासुदीपुरते यायचे, मग तेही थांबले. सल्ला मागायला कोणी येईना, की नुसतं बसायलाही. मला वाटायचं, एकटेपणा फक्त बंद पुस्तकालाच कळतो. तसं नव्हतं.

एका दुपारी अक्कांनी मला उचललं. चहाच्या डागावर त्यांचं बोट थांबलं. डाग त्यांनी ओळखला. मग त्यांनी फीत सोडली, कागद फाडला. कित्येक वर्षांनी मी उजेड पाहिला.

त्या मोठ्याने वाचू लागल्या. मधल्या पानांशी अडखळल्या. मला उलटं धरलं आणि पुन्हा वाचू लागल्या. तिथे खुर्ची सोडण्याचं प्रकरण होतं. म्हाताऱ्याने लिहिलं होतं, 'जाताना आपल्या हो ला हो म्हणणारा शोधू नका. आपल्याला अडवणारं माणूस शोधा आणि त्याला जपा.' अक्कांनी चष्मा काढला. जन्मभर वाट पाहिलेली शिवी मी त्या दिवशी ऐकली. पण ती बाइंडरला नव्हती. अक्कांनी ती स्वतःलाच दिली, आणि मला काही आनंद झाला नाही.

त्यांनी भाच्याला फोन लावला. मधली पानं उलटी आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, “आत्या, दुसरं पाठवतो लगेच.”

“दुसरं नको रे. हे मीच दिलं होतं तुला. तू उघडलं नाहीस, आणि देण्याआधी मीही उघडलं नव्हतं.”

त्याला कार्यक्रमाची घाई होती. संध्याकाळी बोलतो म्हणाला. मग त्यांनी शंकेला लावला.

“तू विचारलं होतंस ना, यात काय आहे म्हणून? आता सांगता येईल मला.”

पलीकडे दुकानाचा गलका ऐकू येत होता. “आता कशाला, अक्का?” शंका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. गिऱ्हाईक आलंय म्हणून तिने फोन ठेवला.

तेव्हापासून अक्का रोज दुपारी दार नुसतं लोटून ठेवतात, समोर दुसरी खुर्ची ओढतात आणि ती सोळा पानं मोठ्याने वाचतात. माझी शिवण सैल झालीय, कोपरे दुमडलेत. मी आता शाबूत नाही, आणि याचसाठी तर जन्मलो होतो. पण वाचून होतं, अक्का मान वर करतात, आणि समोरची खुर्ची रिकामीच असते.

तुमच्याकडेही असेल माझं एखादं भावंड, कागदात गुंडाळलेलं, पुढच्या सत्काराची वाट बघत. द्यायचं तर जरूर द्या, पण आधी कागद फाडा. शिव्या घातल्यात तरी चालेल. फक्त त्या ऐकायला समोर कोणीतरी आहे, तोवरच घाला.