राउंडच्या वेळी कुणी बोलत नाही

सकाळचा चहा आणि प्रश्न, दोन्ही त्या घरात एकदमच टेबलावर यायचे.

घर मोठ्या सरांचं होतं. सर वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचे विभागप्रमुख. निदानात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. 'सर' हे बिरूद त्यांना घरातही सुटलेलं नव्हतं. चारचौघांत त्यांची बायकोसुद्धा त्यांना सरच म्हणायची.

त्या दिवशी पाळी नातीची होती. चिमी चार वर्षांची, नुकती शिशुवर्गात जाऊ लागलेली. सरांनी तिच्या दुधाच्या कपाशेजारी चार बिस्किटं मांडली आणि एक उचलून आपल्या बशीत ठेवलं.

"किती राहिली?"

चिमी बिस्किटांकडे बघतच नव्हती. ती आजोबांच्या भुवयांकडे बघत होती. भुवया जराशा वर गेल्या तशी ती घाईघाईने म्हणाली, "पाच?"

"शाब्बास! काढून घेतलं की वाढतं. आत्याच्या वळणावर जाणार हं ही."

कुणी ओरडलं नाही की कुणी हात उगारला नाही. चिमीच्या आईने डब्याचं झाकण जरा जास्तच जोराने दाबलं. आजी कपबशा गोळा करायला लागली. चिमीने दूध तसंच सोडलं आणि ती टेबलाखाली उतरून बसली. अशा घरांत मोठ्यांना वाटत असतं की मूल गणित शिकतंय. मूल शिकत असतं भुवया वाचायला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आत्या होती. घरात तिला धाकटी म्हणत. चिमीच्या वयाची असल्यापासून ती ह्याच खुर्चीवर बसून ह्याच प्रश्नांना उत्तरं देत आली होती. आता ती डॉक्टर झाली होती आणि पुढच्या शिक्षणासाठी वडिलांच्याच वॉर्डात निवासी डॉक्टर म्हणून लागली होती. जागा तिला स्वतःच्या गुणांवर मिळाली होती. पण ते पटवणार कुणाला? बरोबरीची मुलंमुली तिला 'सरांची' म्हणत. ती कँटीनमध्ये चहाला गेली की चालू गप्पा एकदम उन्हापावसावर यायच्या. आणि सरांना वशिल्याचा संशयही नको होता, म्हणून इतरांना एक टोला तर लेकीला दोन. धड घरची नाही, धड दारची नाही, अशी तिची गत झाली होती. दिवसभर माणसांच्या गर्दीत वावरून संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं, की आज आपण औषधांच्या नावांपलीकडे कुणाशी काही बोललोच नाही.

म्हणून तिला पेशंटशी बोलायला आवडायचं. पेशंट तिची परीक्षा घेत नसत.

त्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर आदल्या संध्याकाळी दाखल झालेल्या एक बाई होत्या. तापाने फणफणलेल्या, धाप लागलेली, उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. त्या आणि त्यांची बहीण मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या. बाई अबोल होत्या, पण धाकटीने उशी सारखी करून दिली, पाणी पाजलं, तशा हळूहळू मोकळ्या झाल्या.

"डॉक्टर, एक सांगू का? काल त्या घाईत राहूनच गेलं. मागे एकदा घसा धरला होता, तेव्हा दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि माझं तोंड हे एवढं सुजलं. श्वासच कोंडला. तिथले डॉक्टर म्हणाले होते, परत कधी घेऊ नका. पेनिसिलिन का काहीसं म्हणाले."

"बरं झालं सांगितलंत. लगेच लिहून ठेवते."

ती पेन काढत होती तोवर दाराशी बुटांचे आवाज आले. सर आले होते. मागोमाग सहाय्यक, निवासी डॉक्टर, विद्यार्थी असा पांढऱ्या कोटांचा घोळका. वॉर्डातली कुजबुज विझली. राउंडच्या वेळी कुणी बोलत नाही, हा तिथला नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण झाडूवाल्यालाही ठाऊक होता.

सर बाईंच्या खाटेशी आले. छाती तपासली, एक्स-रे उजेडाला धरला. त्यांचं निदान चोख होतं. मग त्यांनी बाईंना विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

तो शब्द बाईंना कळला की नाही कोण जाणे. इतके डोळे एकदम अंगावर आलेले पाहून त्या बावरल्या. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आणि धाकटीकडे पाहिलं. तुम्हाला सांगितलंय ना मी, असं काहीसं त्या नजरेत होतं.

"पेनिसिलिन सुरू करा. आत्ताच," सर सिस्टरना म्हणाले.

"सर, ह्यांना..." धाकटीने तोंड उघडलं.

"वा! आज वाचा फुटली. मग आधी मी विचारतो ते सांग. ह्या बाजूला श्वासाचा आवाज बदललाय. का?"

तिला उत्तर येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण भुवया वर गेल्या आणि तिच्या डोक्यातलं सगळं पुसल्यासारखं झालं. ती अडखळली, भलताच शब्द बोलली, तो सुधारायला गेली आणि आणखी चुकली.

"बघा," सर घोळक्याकडे वळून म्हणाले, "आमच्याच चुलीवर शिजलं आणि तरी कच्चं."

सगळे हसले. मनापासून नव्हे, आपली पाळी टळली म्हणून माणूस हसतो तसे. कोवळ्या विद्यार्थिनीही हसल्या. तिने हातातलं पेन खिशात ठेवलं.

"हं. तू काय म्हणत होतीस?" सरांनी विचारलं.

खरंच विचारलं त्यांनी. पुढे कित्येक दिवस तिने हा क्षण पुन्हापुन्हा आठवून पाहिला, आणि दर वेळी तिला हेच आठवलं, की त्यांनी विचारलं होतं.

"काही नाही, सर," ती म्हणाली.

घोळका पुढच्या खाटेकडे सरकला. सरांची पाठ वळली की मागे जायचं आणि सिस्टरच्या कानात सांगायचं, असं तिने ठरवलं. पण पुढच्या खाटेशीही सरांनी तिलाच समोर उभं केलं. तिथे प्रश्न चालू असतानाच मागून सिस्टरची हाक आली. नेहमीची हाक नव्हती ती.

सरांनी स्वतः धाव घेतली. घशात नळी घातली, औषधं दिली, घामाने निथळत आपल्या हातांनी छाती दाबत राहिले. त्या माणसाने कष्टांत तसूभरही कसूर केली नाही, हे सांगायलाच हवं. दुपार व्हायच्या आत बाई गेल्या.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सरांनी चिमीला काही विचारलं नाही. जेवण अर्ध्यावर आल्यावर ते म्हणाले, "उद्या चौकशीची बैठक आहे. बाईंनी आपल्याला सांगितलं असतं तर आज जिवंत असत्या. माणसं डॉक्टरपासून का लपवतात, देव जाणे."

"बाबा..."

"बोलायचं तर पूर्ण वाक्यात बोल."

तिच्या ओठांवर आलेलं वाक्य पूर्ण नव्हतं. तिची आई म्हणाली, "गार होतंय, जेवून घे." धाकटीने मान खाली घातली आणि जेवली. कसली चव होती, तिला सांगता आलं नसतं.

बैठक अधिष्ठात्यांच्या दालनात होती. लांब टेबलाभोवती विभागाची सगळी माणसं बसली होती, राउंडला असलेल्या विद्यार्थ्यांसकट. सरांनी शांतपणे हकिगत सांगितली. मी स्वतः विचारलं, पेशंट नाही म्हणाली, सगळ्यांच्या देखत. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते खरंच होतं. विषय मिटल्यातच जमा होता. अधिष्ठात्यांनी केवळ रीत म्हणून धाकटीकडे पाहिलं. "त्या खाटेची जबाबदारी तुमच्याकडे होती. तुम्हाला काही सांगायचंय?"

आता एक 'नाही' म्हटलं की सुटली असती. कुणाला कधी कळलंही नसतं.

"बाईंनी सांगितलं होतं," ती उठून म्हणाली. "राउंडच्या आधी. मला."

अधिष्ठात्यांनी हातातली फाइल खाली ठेवली.

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

तिने वडिलांकडे पाहिलं. "सरांची."

सरांचा चेहरा उतरला. ते पहिल्यांदाच भरल्या सभेत तिच्याशी वडिलांसारखे बोलले. "मी कधी हात उगारलाय तुझ्यावर?"

"नाही बाबा. कधीच नाही."

"मग?"

"मग काय सांगू? मला उत्तर येत होतं, तरी आलं नाही. तुम्ही परत विचारलंत, तरी मी 'काही नाही' म्हणाले. एका बाईचा जीव समोर होता आणि मला आपलं हसं होईल ह्याचीच जास्त धास्ती वाटली. चूक माझीच आहे, ती मी कुणावर ढकलत नाही. पण इथे बसलेल्यांपैकी कुणी राउंडला 'मला माहीत नाही' म्हटलंय कधी? कुणी तुम्हाला 'सर, थांबा' म्हटलंय?"

तिने टेबलाभोवती पाहिलं. कुणी पेनचं टोपण न्याहाळत होतं, कुणी नखं. काल हसलेल्या विद्यार्थिनींपैकी एकीचे डोळे भरले होते, पण तिनेही मान वर केली नाही.

"आम्हीही असेच शिकलो," सर म्हणाले. "माझ्या गुरूंनी मला वॉर्डाच्या मधोमध उभं केलंय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

"टाकीखाली जे दगड फुटले, ते कुणी देव्हाऱ्यात मांडत नाही, बाबा. म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत."

ती बसली.

तिला काही महिने कामावरून दूर ठेवण्यात आलं. राउंडबद्दल कुणी काही ठरवलं नाही. बाहेर पडताना पायऱ्यांवर तिच्याच बरोबरीची मुलं उभी होती. ती आली तशी त्यांनी वाट करून दिली, जरा जास्तच रुंद. घरी सर तिच्याशी बोलेनासे झाले. रागाने नव्हे, त्यांना बोलायला प्रश्नांखेरीज दुसरी रीतच माहीत नव्हती, आणि आता तिला प्रश्न विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. एकाच छपराखालचं ते मौन तिला सोसवेना. तिने जवळच एक खोली भाड्याने घेतली. खाट, स्टूल, पाण्याचा माठ. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातलं हसणं ऐकू यायचं, तेव्हा ती नळ सोडून भांडी घासत बसायची.

एक गोष्ट करायची राहिली होती. ती शिवणकामाच्या दुकानात गेली.

दुकानात दोन मशिनी होत्या. एकीवर कापडाची चादर टाकलेली होती. दुसरीवर बाईंची बहीण बसली होती. धाकटीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता.

बहिणीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाली, "म्हणजे ताई बोलली होती?"

"हो."

"मला सगळे म्हणाले, पेशंटने सांगितलंच नाही. मी तिच्यावर किती चिडले होते. मेलेल्या माणसावर! म्हटलं, जन्मभर गप्प बसलीस, निदान जिवावर बेतलं तेव्हा तरी तोंड उघडायचंस." तिने पदर डोळ्यांना लावला. "बोलली होती म्हणजे ती."

"मला क्षमा करा, असं म्हणायचाही मला..."

"नका म्हणू. ते जमणार नाही मला." तिने चाक पुन्हा फिरवलं. "सांगितलंत ते बरं केलंत. आता जा. परत येऊ नका."

धाकटी परत गेली नाही.

त्या रिकाम्या महिन्यांत तिने वाचायला घेतलं. ह्या वेळी रोगांबद्दल नव्हे, शिकण्याबद्दल. चिमीएवढ्या मुलांच्या वर्गात बसून लोकांनी अभ्यास केले होते. शस्त्रक्रियेच्या खोल्यांतही केले होते. वयं वेगळी, जागा वेगळ्या, पण ती जे वाचत होती ते पुन्हापुन्हा एकाच गोष्टीपाशी येत होतं. घाबरलेलं माणूस शिकत नाही. ते लपवायला शिकतं. चुकीला हसलं, की चूक थांबत नाही, चूक सांगणं थांबतं. वाचताना तिला रडू येई. हे कुणाला तरी वाचून दाखवावं असं वाटे, आणि खोलीत कुणी नसे.

एका दुपारी दारावर थाप पडली. तिची आई होती, कडेवर चिमी. आई त्या खोलीत पहिल्यांदाच आली होती. स्टुलावर टेकून तिने दम खाल्ला.

"काल सरांनी हिला पुन्हा बसवलं होतं. ही चटकन टेबलाखाली गेली. मी म्हटलं, पुरे. पोरीला खाऊ द्या."

"तू म्हणालीस?"

"मीच. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही." आईने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझ्या वेळी म्हणायला हवं होतं गं. तुझ्या वेळी कपबशा उचलत राहिले."

"मग बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. उठून गेले. आज चहाही एकटेच प्यायले."

चिमी खोलीभर फिरत होती. माठाला हात लावून तिने विचारलं, पाणी गार का झालं? कुणी लगेच उत्तर दिलं नाही, तशी तिने आत्याच्या तोंडाकडे जपून पाहिलं. "मलाही नीट सांगता येणार नाही," आत्या म्हणाली. "आपण दोघी शोधू." चिमीला ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही. ती आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.

मुदत संपल्यावर धाकटीला दुसऱ्या विभागात घेतलं गेलं. तिने परवानगी काढून दुपारी एक तास सुरू केला. सरांच्या वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत. ज्यांना जे येत नाही ते घेऊन यावं, इथे कुणी हसणार नाही, एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. ती रिकाम्या खुर्च्यांसमोर तासभर बसून उठली. आठवडा उलटल्यावर एक विद्यार्थिनी आली. बैठकीत डोळे भरलेली तीच. आत येऊन तिने आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून.

"मॅडम, मला..." ती थांबली. "मला छातीचे आवाज ओळखता येत नाहीत. अजूनही. येतात असं सांगत आलेय."

"बस," धाकटी म्हणाली. "मला सुरुवातीला काय काय चुकीचं ऐकू यायचं ते सांगते."

तेवढ्यात बाहेरून बुटांचे आवाज आले. मोठ्या सरांचा राउंड निघाला होता. हल्ली ते थोडे वाकले होते. चाल मात्र तीच. उघड्या दारासमोरून ते गेले, आत न बघता. त्यांच्यामागून पांढऱ्या कोटांचा घोळका गेला, खाली मान घालून, मुकाट. त्यांतल्या एखादीला आज सकाळी एखाद्या पेशंटने काहीतरी सांगितलं असेल. ती ते आता सांगेल की गिळेल?

विद्यार्थिनीने घाबरून दाराकडे पाहिलं. "लावून घेऊ का, मॅडम?"

"नको," धाकटी म्हणाली. "उघडंच राहू दे. आणि जरा मोठ्याने बोल."