चार गोड गोळ्या

शौनकने औषधांसाठीचं छोटं लाकडी कपाट भिंतीला टेकवून आणखी वर सरकवलं.

"बाबा, एवढं बास?"

"अजून थोडं," सुधीर म्हणाले.

टेंभी नाक्यावरून सकाळीच आणलेलं कुलूप त्यांच्या हातात होतं. आतल्या खोलीत शौनकची तीन वर्षांची मुलगी कादंबरी झोपली होती. परवा सकाळी तिने आजोबांच्या रक्तदाबाच्या तीन गोळ्या चावून खाल्ल्या होत्या. एक अख्खा दिवस हॉस्पिटलात सलाईन लावून काढल्यावर काल ती घरी आली. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते.

"उंचीने काय होणारे?" मेथी निवडत मंदाकिनीबाई म्हणाल्या. "लक्ष हवं. कानात सारखं ते ऑफिस अडकवलेलं असलं, की पोर काय करतंय ते कसं कळणार?"

वाक्य नवऱ्याला उद्देशून होतं, पण स्वयंपाकघरात पोहोचेल एवढं मोठं. घरात काही बिघडलं की ते सुनेच्या हातून बिघडलं असं धरून चालणं फार सोयीचं असतं. आत क्षिप्राने नळ सोडला. डॉक्टरांनाही तिने एवढंच सांगितलं होतं, की माझं लक्ष नव्हतं.

सुधीरना ते ऐकवेना. गेल्या वर्षी कादंबरीच्या खोकल्यासाठी होमिओपॅथीची बाटली आणली होती. खोकला गेला, बाटली मात्र संपली की नवी येत राहिली. रोज आंघोळीनंतर ते स्वतःची गोळी घेत आणि नातीला त्या साबुदाण्याएवढ्या चार गोड गोळ्या ‘खाऊ’ म्हणून देत. पाकिटातून गोळी काढताना अंगठा दुखतो, म्हणून आठवडाभराच्या स्वतःच्या गोळ्या ते एका डबीत काढून ठेवायचे. डबी आणि बाटली शेजारी शेजारी, त्यांच्या उशाच्या खणात. दोन दिवस त्यांनी यातलं अक्षर काढलं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती.

"तिला ती सवय मी लावली," ते एकदम म्हणाले. "रोज मीच द्यायचो. उघडी राहिलेली डबीही माझीच होती. क्षिप्राला बोलू नकोस."

शौनकचा हात थांबला. मंदाकिनीबाई जुडीकडे बघत राहिल्या. नळ बंद झाला आणि क्षिप्रा ओल्या हातांनी दारात आली.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"तुम्ही देता ते. मी रोज बघायचे. नको म्हणावंसं वाटायचं." तिने ओले हात ओढणीला पुसले. "पण तेवढा वेळ ती तुमच्यापाशी गप्प बसायची. मला मीटिंग घेता यायची."

खोपटच्या डेपोतून एक एसटी हॉर्न वाजवत बाहेर पडली.

तेवढ्यात डोळे चोळत कादंबरी उठून आली. ती सरळ आजोबांसमोर मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

सुधीरनी तोंड फिरवलं. क्षिप्रा तिच्याजवळ बसली.

"कादू, तो खाऊ नसतो गं. औषध असतं ते."

कादंबरीने डोळे उघडून आधी आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. कोणाचं खरं धरायचं ते तिला कळेना. जीभ मात्र तिने तशीच बाहेर ठेवली.