मोराचा तिसरा पाय

सुधन्वा पानिपतला निघाला तेव्हा आईने पुण्याहून फोनवर एवढंच विचारलं, की पाठवायला दुसरं गाव नव्हतं का त्यांच्याकडे.

कंपनी नोएडाची, ब्लँकेटची मिल पानिपतची, आणि तिथला माग चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम सुधन्वाच्या हातची. त्या मागाने तीन आठवड्यांपासून तीन पायांचे मोर विणायला घेतले होते. सगळेच नाही. दहा मोर देखणे, अकराव्याच्या शेपटीतून पाय.

नोएडात तसलाच माग आठवडाभर अखंड चालवला, पण एक मोर बिघडेल तर शपथ. शेवटी अंशुमनने, म्हणजे त्याच्या मॅनेजरने, त्याला इथे धाडलं. शुक्रवारी पाचपर्यंत मोर सुधारला नाही तर मिलचे मालक सेठजी माग परत करणार आणि अंशुमन सुधन्वाला. हे त्याने फार प्रेमाने सांगितलं, ‘यार’ लावून. केतकी पुण्यातली स्वतःची नोकरी सोडून नवऱ्यामागे नोएडाला आली त्याला आठच महिने झाले होते. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रोग कुठला ते कळलं होतं. प्रोसेसर म्हणजे एकच ओटा आणि रांधणारे चार जण. एकाला मध्येच बाजूला केलं, की त्याच्या मोजून ठेवलेल्या वाट्या नीट उचलून ठेवायच्या आणि तो परत आला की जशाच्या तशा मांडून द्यायच्या, हे कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं काम. इथे मोराच्या वाट्यांत कुणीतरी हात घालत होतं. कोण, ते सापडत नव्हतं.

म्हणून सुधन्वाने बुधवारी आल्या आल्या हुकूम सोडला: मागाच्या कंट्रोलच्या डब्यावरचं हिरवं बटण मिनिटामिनिटाला दाबा, पडद्यावर आकडे येतात ते लिहून घ्या, म्हणजे चूक नेमकी कधी होते ते कळेल. सेठजी स्वतःच स्टूल टाकून बसले. गुरुवारी मोराला पाच पाय आले. शुक्रवारी दुपारपर्यंत नुसत्या माना निघायला लागल्या, मोर नाहीच. सेठजी जास्तच घाबरले आणि जास्तच बटण दाबू लागले.

तीन वाजता सुधन्वा धाग्यांच्या पोत्यावर बसून केतकीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होता. माग चालवणारी कामगार, कल्पना, शेजारी येऊन उभी राहिली.

“साहब, लंच में कभी नहीं बिगड़ता,” ती म्हणाली. “सेठजी खाना खाने जाते हैं ना.”

सुधन्वाने लॅपटॉप उघडला आणि बटणाचा कोड काढला. मधोमध दोन ओळी होत्या आणि वर टीप: ‘टेम्पररी. डेमो झाला की काढायचं. – सुधन्वा.’

डेमोच्या दिवशी सेठजींनी अडून बसून तासाला किती ब्लँकेटं निघतात त्याची सरासरी बटणावर मागितली होती, तीही पॉइंटसकट, दशांशापर्यंत. सुधन्वानेच घाईत पॉइंटचा हिशेब थेट कर्नलमध्ये कोंबला होता. त्याला लागणाऱ्या वाट्या मोराच्या वळणांच्या हिशेबाच्याच. बटण दाबलं की मोराच्या वाट्या उपड्या. नोएडात कुणी ते बटण दाबायलाच गेलं नव्हतं; इथे सेठजी आधीपासूनच अधूनमधून दाबत होते.

त्याने दोन्ही ओळी उडवल्या. साडेचारला दोन पायांचा मोर बाहेर आला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. सेठजींनी मोरांचे पाय हात लावून मोजले. मग बटण दाबलं.

“पॉइंट कहाँ गया?”

सुधन्वाने समजावलं, की मोर हवा तर पॉइंट विसरा. सेठजींनी मान हलवली आणि अंशुमनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“दे दे ना यार,” अंशुमन म्हणाला. “दो लाइन का तो काम है.”

पाचला बारा मिनिटं होती. सुधन्वाने सरासरीला आधी दहाने गुणलं आणि नुसता पूर्णांक पडद्यावर सोडला. पूर्णांकाला मोराच्या वाट्या लागत नाहीत. सेठजींनी बटण दाबलं. ६३. क्षणभर त्यांचे डोळे चमकले, मग हिशेब लक्षात येऊन चेहरा पडला.

सुधन्वाने कल्पनाच्या कपाळाकडे बघितलं. एवढा निर्लज्जपणा त्याने जन्मात केला नव्हता. “जरा बिंदी मिलेगी?”

तिने काळी टिकली काढून दिली. त्याने ती पडद्यावर सहा आणि तीनच्या मध्ये, तळाशी, अंगठ्याने दाबून बसवली.

सेठजींनी ओळीने वीस वेळा बटण दाबलं. मोर दोन पायांवर उभा राहिला.

पाचला अंशुमनने विचारलं, की नक्की काय केलंस. सुधन्वा म्हणाला, थोडा हार्डवेअर चेंज. तोवर कल्पनाने टिकल्यांचं अख्खं पाकीट डब्याखाली सरकवून ठेवलं होतं. स्पेअर.