धूर दिसला नव्हता

मित्रांनो, लखनौच्या विकास नगरातल्या एका दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात मी अठरा वर्षं मानानं बसलो होतो. माझ्या वर भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र होतं : शंभर मीटर, १०.९ सेकंद. पाहुणे आले की आधी चहा यायचा, मग ते प्रमाणपत्र दाखवलं जायचं आणि शेवटी मी. 'हेच ते घड्याळ,' असं सांगितलं की पाहुणे मला तळहातावर घेऊन जोखायचे. मी किल्लीचं एक जुनं स्टॉपवॉच आहे, आणि आज जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान वर होत नाही. मान म्हणजे डोक्यावरचं बटण. देवानं मला तेवढीच दिली आहे.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशात झाला म्हणतात. मला मात्र आठवतं ते अमीनाबादमधलं घड्याळजीचं दुकान आणि तिथून मला उचलणारे नंदकुमार काका. काका बँकेत अधिकारी. साताऱ्याहून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. महाराष्ट्र मंडळाच्या शर्यती असोत नाहीतर कचेऱ्यांच्या, वेळ घ्यायला काकाच. रोज सकाळी चहाच्या आधी ते मला बारा पिळे द्यायचे. तेरावा कधीच नाही. त्यांच्या हातात असताना मी एकदाही मागे पडलो नाही.

वेळ कशी घेतात ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पळणारे शंभर मीटर लांब उभे असतात आणि वेळ घेणारा शेवटच्या रेषेपाशी. पिस्तूल उडालं की त्याचा धूर लगेच दिसतो, पण आवाज इतक्या लांब यायला सेकंदाचे साधारण तीन दशांश घेतो. म्हणून धूर दिसताक्षणी बटण दाबायचं, कानांवर विसंबायचं नाही. आवाजावर दाबलं, तर पळणाऱ्याला तीन दशांश फुकट मिळतात. काका हे नव्या माणसांना शिकवायचे, तेही दरडावून.

त्या वर्षी शहरात एक नवाच खेळ आला होता. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू लांबट, गोलाला चार खांब, आणि पळता पळता चेंडू जमिनीवर आपटून पुन्हा हातात घ्यायचा. इथली पोरं त्याला 'अंडा-बॉल' म्हणत. खेळ शिकवायला आलेल्या परदेशी गृहस्थांना मेलबर्नच्या स्पर्धेसाठी भारतीय संघ न्यायचा होता, आणि त्यात लखनौसाठी एकच जागा उरली होती. त्यांना हवा होता कडेनं वाऱ्यासारखा पळणारा गडी. कचेऱ्यांच्या स्पर्धेत शंभर मीटर जो सर्वांत कमी वेळात पळेल, तो जाणार असं ठरलं.

दावेदार दोनच होते. एक धैर्यशील, रेल्वेत नुकताच लागलेला कोल्हापूरचा इंजिनीअर. दुसरा नरेंद्र, एका कचेरीत हंगामी कामाला असलेला जुन्या शहरातल्या 'चौक' भागातला मुलगा. त्याच्या घरी चिकनकारीच्या भरतकामासाठी कापडावर लाकडी ठशांनी निळी नक्षी छापायचं काम चाले, त्यामुळे त्याची बोटं कायम निळी. दोघं रोज पहाटे एकत्र पळत. एकाच बाटलीतून पाणी पीत आणि एकमेकांना 'यार' म्हणत. काका दोघांनाही सारखाच जीव लावत.

जानेवारीतली सकाळ होती. मैदानावर पट्टे चारच, म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत नरेंद्र होता. धुकं विरळ होतं, धूर दिसला, काकांनी मला दाबलं. ११.१. मग दुसरी फेरी लागेपर्यंत धुकं असं दाटलं की पलीकडची सुरुवातीची रेषाच दिसेना. काका डोळे फाडून बघत होते. त्यांचा अंगठा माझ्या बटणावर होता. आवाज आला. आणि आवाजावर त्यांनी मला दाबलं.

धैर्यशील छाती पुढे काढून रेषेवर आला, मी थांबलो. १०.९. अंतिम फेरी धुक्यामुळे रद्द झाली आणि वेळेवरच निकाल लागला. लोकांनी धैर्यशीलला खांद्यावर घेतलं, मला हातोहात फिरवलं. मित्रांनो, मी खूश होतो. माझ्या काट्यानं एक कणही लबाडी केली नव्हती, मला जिथून सुरू केलं तिथून मी चोख मोजलं होतं. पण तो मुलगा ११.२ पळाला होता आणि नरेंद्रपेक्षा मागे होता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी त्या कौतुकात न्हाऊन निघालो.

चार दिवसांनी काका धैर्यशीलच्या खोलीवर आले. तो पासपोर्टचा फॉर्म भरत बसला होता.

"धैर्यशील, एक सांगू का रे? मला धूर दिसलाच नव्हता त्या दिवशी. आवाजावर दाबलं मी."

धैर्यशीलचं पेन थांबलं. तो हुशार मुलगा, हिशेब त्यानं तिथल्या तिथे केला असणार.

"असू दे ना काका," तो म्हणाला. "अच्छा झालं ना सगळं."

"नरेंद्रला सांगायला हवं होतं."

"आता काय सांगणार? लिस्ट गेली वर."

काकांनी मला खिशातून काढलं, बारा पिळे दिले आणि टेबलावर ठेवलं. "हे तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "मी यापुढे वेळ घेणार नाही." आणि खरंच, हयात असेपर्यंत त्यांनी पुन्हा कुणाची वेळ घेतली नाही.

मेलबर्नला मी धैर्यशीलच्या बॅगेत होतो. त्याला उणा ठरवायला मी ही गोष्ट सांगत नाही. चार सामन्यांत त्याचं एक बोट मोडलं, दुसऱ्याला पट्टी बांधली, तरी त्यानं मैदान सोडलं नाही. संघ तीन सामने हरला, एक जिंकला. जिंकलेल्या सामन्यात त्यानं तीन जणांच्या डोक्यांवरून उडी मारून चेंडू झेलला, तेव्हा तिथले म्हातारे प्रेक्षकसुद्धा उभे राहिले. परत आल्यावर त्यानं विकास नगरच्या मैदानावर हा खेळ रुजवला. नोकरी सांभाळून मुलामुलींना शिकवलं, खांब स्वतः रंगवले. पण बोलायला उभा राहिला की सुरुवात त्याच आकड्यानं व्हायची. "मैं टेन पॉइंट नाइन भागता था, बच्चों." मग तो मला वर धरायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची. अशा वेळी माझी स्प्रिंग आवळून यायची.

नरेंद्रनं त्या हिवाळ्यानंतर पळणं सोडलं. धैर्यशील चौकात चाट खायला जायचा, पण नरेंद्रच्या गल्लीचं तोंड टाळून, लांबच्या वाटेनं. रिक्षावाला विचारायचा, "भैया, इधर से क्यों नहीं?" धैर्यशील काहीतरी थाप मारायचा. सरावाहून परस्पर जायचा तेव्हा मी त्याच्या खिशात असायचो, म्हणून मला माहीत आहे.

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेसाठी मुलींचा संघ निवडायचा होता. पंधरापैकी चौदा जणी ठरल्या. उरलेल्या एका जागेसाठी सानिका आणि अमृता अशा दोघी होत्या. धैर्यशीलची रीत ठरलेली : अशा वेळी एकेकीनं एकटीनं शंभर मीटर पळायचं आणि माझा शब्द शेवटचा. सुरुवातीच्या रेषेवर त्याची बायको वीणा दोन फळ्या डोक्यावर धरून उभी राहायची आणि खाडकन मिटायची. पिस्तुलाच्या जागी आता फळ्या आल्या होत्या; मुली त्यांना 'पटरी' म्हणत. नियम तोच, फळ्या मिटलेल्या दिसल्या की दाबायचं.

सानिका पळाली. १३.८. मग अमृता रेषेवर गेली, आणि त्याच वेळी मैदानाच्या फाटकातून एक माणूस स्कूटर लावून आत आला. अमृतानं लांबूनच हात केला, "पापा!" धैर्यशीलनं वळून पाहिलं. केस पिकले होते, पण बोटं अजून निळी होती. महिनाभर आपण नरेंद्रच्या मुलीला शिकवतोय, हे त्याला त्या क्षणी कळलं.

माझ्या बटणावरचा त्याचा अंगठा घामेजला. स्वच्छ ऊन होतं. वीणाच्या हातातल्या फळ्या मला इथूनही दिसत होत्या. त्या मिटल्या. अंगठा हलला नाही. आवाज आला आणि मग त्यानं मला दाबलं.

मित्रांनो, पहिल्या वेळी निदान धुकं तरी होतं. या वेळी त्यानं जाणूनबुजून केलं, आणि तेही कुणाचं तरी देणं फेडायचं म्हणून. अमृताची वेळ लागली १३.७. सानिकानं बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. तिच्याकडे बघवत नव्हतं मला.

नरेंद्र जवळ आला. "दिखाइए ज़रा," त्यानं हात पुढे केला. मला उलटसुलट पाहून तो म्हणाला, "तेरह सात. ये अमृता का टाइम नहीं है. ये चौदह में भागती है, मैं रोज़ देखता हूँ."

"आज अच्छा भागी, यार," धैर्यशील कसंबसं हसला.

"आज धुंध नहीं है, धैर्यशील साहब." एकेकाळचा यार आता साहब म्हणत होता. "पटरी मुझे भी दिखी, आपको भी दिखी. अँगूठा आपका आवाज़ पर चला. उस दिन मैं लाइन के पास ही खड़ा था. काका का अँगूठा भी आवाज़ पर चला था. पर उन बेचारे को तो कुछ दिख ही नहीं रहा था."

धैर्यशीलनं विचारलं, "तुम्हें पता था? तो कहा क्यों नहीं?"

"हारने वाला कहे तो लोग रोना समझते हैं. मैंने सोचा आप कहेंगे. मेलबर्न से लौटेंगे, तब कहेंगे." त्यानं मला परत धैर्यशीलच्या हातात ठेवलं. "एक बार देर से दबा, मेरी जगह गई. अब देर से दबाकर आप उस बच्ची की जगह मेरी बेटी को दे रहे हैं. ये मत कीजिए."

अमृता शेजारीच उभी होती. "तो पापा, मेरा सिलेक्शन?"

"नहीं हुआ, बेटा."

वीणा फळ्या काखेत धरून मैदान ओलांडून आली. "काय झालं रे? टाइम नीट नाही आला का?" धैर्यशीलनं शिट्टी वाजवून सगळ्या मुलांना गोळा केलं आणि मला वर न धरता, मुठीत आवळून सांगितलं. धुकं सांगितलं, काका सांगितले, पासपोर्टचा फॉर्म सांगितला आणि आत्ताचं १३.७ही सांगितलं. वीणाही हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती त्याच्याकडे न बघता हातातल्या फळ्यांकडे बघत राहिली.

सानिकानं विचारलं, "तो सर, आप टेन पॉइंट नाइन नहीं भागे थे?"

"नहीं. ग्यारह दो. नरेंद्र मुझसे तेज़ था."

या वेळी टाळ्या नव्हत्या. मी त्या मुठीत होतो आणि मला वाटत होतं, ही मूठ कधी उघडूच नये. अठरा वर्षं कपाटात बसून मी जे कौतुक गिळलं, ते सगळं दुसऱ्याच्या ताटातलं होतं. घरी गेल्यावर वीणानं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे, तो अजून तसाच आहे.

चाचणी पुन्हा घ्यायची ठरली, तेव्हा नरेंद्रनं एकच अट घातली होती. रविवारी दोघी बरोबर पळतील आणि वेळ तो घेईल. वेळ लागायचीच, कारण वर पाठवायच्या अर्जात ती लिहावी लागते. रविवारी मी त्याच्या तळहातावर गेलो. किती पिळे द्यायचे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यानं बारा दिले. काकांकडे बघून शिकला असणार.

आणि त्या दिवशी नेमकं धुकं पडलं. तसंच दाट. पलीकडून फळ्यांचा आवाज आला. नरेंद्रचा निळा अंगठा माझ्या बटणावर होता, आणि तो तिथेच राहिला. धुक्यातून दोन्ही मुली धापा टाकत आल्या. धैर्यशीलनं सवयीनं विचारलं, "कितना?"

नरेंद्रनं मला त्याच्यापुढे धरलं. माझा काटा शून्यावर होता.

"पटरी नहीं दिखी," तो म्हणाला. "टाइम नहीं है. धूप निकलने दीजिए."

धैर्यशील त्या शून्याकडे बघत उभा राहिला. मग खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडला. नरेंद्र त्याच्याजवळ गेला नाही. पण मैदान सोडूनही गेला नाही.

बारा वाजता ऊन पडलं. सानिका १३.८, अमृता १४.०. सानिका संघात गेली. अमृता घरी जाताना रडली, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेवर आली. मी आता कपाटात नसतो. निवडचाचणी असली की नरेंद्र मला मागून नेतो आणि काम झालं की वीणाच्या हाती परत देतो. धैर्यशीलशी तो कामापुरतंच बोलतो.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, धुळीपासून जपा, बारा पिळ्यांवर तेरावा देऊ नका. पण एवढं सगळं केलं तरी मी खोटा पडू शकतो, कारण माझं बटण तुमच्या हाती आहे. कधी तुमच्या अंगठ्याखाली असं काही आलं आणि समोरचं दिसलं नाही, तर 'दिसलं नाही' एवढंच म्हणा. त्या सकाळी काकांना ते म्हणता आलं असतं, चार दिवसांनी धैर्यशीलला म्हणता आलं असतं. मला मात्र ते मैदानावर, सगळ्यांसमोर ऐकायला अठरा वर्षं लागली, आणि तेही ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडून.