एका गुणाने

चुडामण नानांनी छातीवरचा हात हळूच डावीकडे सरकवला. हृदय तिकडे असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"मघाशी मधोमध दुखतं म्हणालात," ज्योती डॉक्टर म्हणाल्या.

"सरकलं."

धुळ्याच्या त्या दवाखान्यात छातीत दुखणाऱ्याला गुण देत. नानांच्या वयाचे दोन, दुखण्याच्या तऱ्हेचा एक. कार्डिओग्राम साफ, रक्त साफ. एकूण तीन. चाराला भरती, तिनाला घर. नाना शाळेतही एका गुणानेच राहिले होते, पण तेव्हा त्यांना घरीच जायचं होतं.

मागल्या वर्षी ते भरती झाले, तेव्हा लेक डिंपल सुरतहून आली होती, पहाटेच्या गाडीने. नानांचं घर दोंडाईचा स्टेशनच्या मागेच. रोज ती गाडी थांबली की फळीवरच्या ताटल्या वाजत. डिंपल उशाशी बसली, मोसंबी सोलली आणि बापाला मनसोक्त रागावली. पत्नी मंदाबाईही रागवायच्या, पण ते रोजचंच.

"मॅडम, मी बिडी पितो ते लिहिलं का? त्याचा एक गुण असेल ना?"

पायाशी बसलेल्या मंदाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "कव्हय पेतस तुम्ही बिडी? सुपारीना ठसका लागस तुम्हले!"

"चोरीसन पेस."

"चोरीसन! तुमना खोकला बठ्ठा गावले आयकाले येस."

डॉक्टरांनी हसू दाबत बिडी खोडली. मात्र रक्त थोड्या वेळाने पुन्हा तपासायचं होतं. नानांनी आनंदाने दंड पुढे केला. फेरतपासणीत गुण वाढतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

वाढले. डॉक्टर आल्या त्या जवळजवळ धावतच. नर्सने सदऱ्याची बटणं सोडून छातीला वायरी चिकटवल्या.

"नाना, हृदयाला इजा झालीय. आता उठायचंसुद्धा नाही. मुलीला बोलावून घ्या."

नानांनी मंदाबाईंकडे पाहिलं. मंदाबाई रागवायच्या विसरल्या होत्या. डिंपलला लावायला त्यांनी मोबाइल काढला. नानांनी तो काढून घेतला आणि स्वतःच लावला.

"डिंपल? काही नई व, पित्त व्हतं. कळण्यानी भाकर जास्त झायी." पलीकडे आवाज चढला. नाना डोळे मिटून ऐकत राहिले. "नको, नको. पोरांची परीक्षा शे. आजिबात येऊ नको."

मंदाबाईंनी पदर तोंडाशी धरला. नानांनी फोन मात्र कानाचा काढला नाही.

"डिंपल," ते म्हणाले, "ती पहाटनी गाडी, दोंडाईचाले आजून थांबस का व?"