बेडकीचा पाला

“आता टाक तोंडात,” म्हणत आश्रुबानं भारतच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

भारत म्हणजे मांजरसुंब्याच्या चौकातला टायरवाला. पोट सुटलेलं, शुगर चढलेली, आणि जीव मिठाईत अडकलेला. आश्रुबाच्या ओसरीत बसून त्यानं मघापासून बेडकीची हिरवी पानं शेळीसारखी चघळली होती. साखर जिभेवर पडली आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“आयला, वाळू हाय ही, मामा.”

“साखरच हाय. मेली ती,” आश्रुबा म्हणाला. “जिभंवर एका घडीत मरती, मंग रगतात किती टिकंल, तूच सांग.”

झालं. एवढंच आश्रुबाचं शास्त्र, आणि ऐकणाऱ्याला ते पटायचंही. अहो, स्वतःच्या जिभेनं साक्ष दिल्यावर कोण नाही म्हणणार? कपिलधारच्या डोंगरात मेंढरामागं त्याचा जन्म गेला. बोरीच्या जाळीवर चढलेला हा वेल बापानं दाखवला होता. पण तेव्हा शुगर म्हणजे काय तेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळं पाल्यालाही कुणी विचारत नव्हतं आणि आश्रुबालाही. आता घरटी एक शुगरवाला निघाला, तशा त्याच्या दारात मोटारसायकली थांबायला लागल्या. ज्यांनी त्याला कधी खुर्ची दिली नाही ते मामा मामा करू लागले. तो पैसा घेत नसे. मान तेवढा घेई, आणि मानाची चटक पैशापेक्षा वाईट.

“वैदबुवा,” आतून बायनाबाईचा आवाज आला, “मेंढरं कोन सोडनार? का त्यायलाबी पाला चारून बसवताव?”

भारत हसला. आश्रुबाही हसला. बायकोच्या तोंडाला तो कधीच पुरा पडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर पडावं असं त्याला वाटतही नव्हतं.

बायनाबाई एकेकाळी कोकरू खांद्यावर टाकून घाट चढायची. मग गुडघे गेले, चालणं सुटलं, अंग सुटलं, आणि पाठोपाठ शुगर आली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, तरी ती उतरेना. मागच्या खेपेला तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, पुढच्या तपासणीत कमी नाही आली तर रोजची सुई. बायनाबाईनं तिथंच धीर सोडला. तिच्या भावाला, आसारामला, अशीच रोजची सुई लागली होती. पुढं त्याचा पाय कापला आणि मग तोही गेला. सुईनंच गेला, असं तिनं मनात धरलं होतं.

“मला ती सुई नगं,” घरी आल्यावर ती म्हणाली. बाई रडणाऱ्यातली नव्हती, पण त्या दिवशी रडली.

“न्हाई लागू देत,” आश्रुबा म्हणाला. “लोकायची उतरवतो, तुजी न्हाई उतरवनार व्हय?”

त्या दिवसापासून तो तिला गोळीबरोबर पालाही देऊ लागला. मनिषा, वस्तीवरची आशाताई, तिनं हटकलं होतं. “मामा, दोन्ही संग नका देऊ. दवाखान्यात इचारा आदी. शुगर लई खाली गेली तर घाम फुटतो, हातपाय कापतेत. तसं झालं तर लगीच साखर चारायची बरं का.” आश्रुबानं मान हलवली. साखर चारायची म्हणे! जी मारायला आपण डोंगर पालथा घालतोय, तीच चारायची. पण बोल लक्षात ठेवला.

तपासणी तोंडावर आली. सोमवार होता. बायनाबाईचा सोमवार कडक असे, दिवस मावळल्याशिवाय दाणा तोंडात नाही. गोळी मात्र तिनं सवयीनं घेतली. आश्रुबानं पाला दिला, आणि तपासणी जवळ आली म्हणून थोड्या वेळानं आणखी एक मूठ दिली.

“लई कडू हाय वो.”

“सुईपरीस गोडच हाय. चाव.”

तो मेंढरं सोडायला निघाला, तर बायनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी. अंगावरचं लुगडं घामानं चिंब झालेलं. हात थरथरत होते. त्यानं हाक मारली तर तिनं त्याच्याकडं परक्यासारखं पाहिलं, आणि तिथंच खाली बसली.

आश्रुबाला मनिषाचा बोल आठवला. धावत आत जाऊन त्यानं डब्यातून मूठभर साखर आणली आणि तिच्या तोंडात घातली. तिनं ती थुंकून टाकली.

“आसाराम, वाळू कावून घालतूस रं तोंडात?”

मेलेल्या भावाच्या नावानं ती त्याला हाक मारत होती. पण वाळू म्हटल्यावर त्याचा हात थांबला. पाल्यानं साखर मारली होती. मेलेल्या साखरेचा काय उपयोग? जी गोष्ट तो लोकांना आजवर पटवत आला, तीच त्याला त्या घडीला पटली. हातात उरलेली साखर त्यानं अंगणात झटकली आणि गाडी आणायला रस्त्याकडं पळत सुटला.

भारतच्या पिकअपमधून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तोवर बायनाबाई हाकेला ओ देत नव्हती. सलाईन लागलं, नळ्या लागल्या. तिथली तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, “साखर पार तळाला गेली होती, बाबा. घरी काही गोड दिलं नाही का?”

आश्रुबानं सगळं सांगितलं. पाला, उपास, थुंकलेली साखर.

डॉक्टरीण त्याच्या शेजारी बाकावर बसली. मग म्हणाली, “गोळी, पाला आणि उपास, तिन्हींनी मिळून रक्तातली साखर उतरवली, बाबा. पण तोंडातली साखर पाल्यानं मरत नाही, जीभ फक्त फसते. साखर साखरच राहते. वाळूसारखी लागली तरी पोटात गेली असती तर कामाला आली असती. तेव्हा बोलत होती ना त्या?”

“बोलत हुती की.”

“मग पाण्यात कालवून पाजता आली असती.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं आश्रुबाला वाटलं.

बायनाबाई शुद्धीवर आलीच नाही. लेक सायली गेवराईहून सासरची माणसं घेऊन आली, ती मातीलाच. शुगरनं नेली, असं गाव म्हणालं. सायलीही आलेल्या बायांना तेच सांगत होती, आणि आश्रुबा भिंतीला टेकून ऐकत होता. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आता बोलावं. प्रत्येक वेळी तो भिंतीकडं तोंड फिरवी. बाईची सुई चुकवली होती त्यानं, शब्द पाळला होता. हा विचार आला की त्याला स्वतःची किळस यायची.

तेरवी झाली. मांडव सुटला. भारत जवळ येऊन बसला, हळूच म्हणाला, “मामा, येळ न्हाई ही, पर माजा पाला सरलाय. मूठभर असंल तर द्या.”

“गोळी चालू हाय का तुजी?”

“हाय की.”

“मंग मरशील,” आश्रुबा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण ओसरीतली माणसं वळून बघू लागली. “बायना शुगरनं न्हाई गेली. तिला साखर लागत हुती. माज्या हातात हुती, मूठभर. म्या अंगनात टाकून दिली.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं, काही न वगळता. सायली दारात चहाचं ताट धरून उभी होती. तिनं ते खाली ठेवलं नाही की पुढंही आणलं नाही.

“सोडा, मामा,” भारत म्हणाला, “दुक्कात मानूस कायबी बोलतंय.” बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणालाच खरं वाटलं नाही. सायलीला वाटलं.

दुपारी तिनं भाकरी थापल्या, सोबत चटणी वाटून ठेवली आणि पिशवी भरली. गाडी रस्त्यावर येऊन थांबली होती. सासरी निघालेल्या लेकीनं सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं असतं. ती चुलत्याच्या पडली, चुलतीच्या पडली, शेजारच्या छबुबाईच्या पडली. मग आश्रुबासमोर आली आणि वाकली.

आश्रुबानं पाय मागं घेतले आणि धोतराखाली झाकले.

सायली तशीच वाकून राहिली. मग जिथून पाय मागं गेले होते, तिथल्या जमिनीला तिनं हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि पिशवी उचलून ती रस्त्याकडं चालू लागली.