सोमवार-गुरुवारचा डबा

चारठाण्यात ईश्वरअप्पांना तोंडावर कुणी चिक्कू म्हणत नसे, कारण त्यांचं किराणा दुकान भर चौकात होतं आणि तेलमिठासाठी गावाला तिथंच जावं लागे. पाठीमागं मात्र सगळेच म्हणत. अप्पांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा अभिमानच वाटायचा. पुड्याची सुतळी ते न कापता सोडवत आणि गुंडाळून ठेवत. आपल्या घरचा चहा अर्धा कप पीत. दुसऱ्याच्या घरचा तर घोटभरही नाही, पण हे काही चिक्कूपणानं नव्हे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि परक्या चुलीवरचं तोंडात घालायचं नाही, हा वडिलांपासून चालत आलेला नेम होता. लग्नाला गेले तरी अप्पा घरून भाकरी बांधून नेत आणि मांडवाच्या कडेला बसून ती खात. लोक हसत, अप्पा जेवत.

त्यांची एकुलती एक लेक रुद्राणी परभणीला बी.कॉम.ला लागली, तेव्हा मेस लावायचा प्रश्नच नव्हता. एकतर पैसे, आणि दुसरं म्हणजे तिथं कुणाच्या पातेल्यात काय शिजतं देव जाणे. तेव्हा एसटीनं डबा पाठवायचं ठरलं. एसटी माणसांसाठी असते असं सरकारला वाटतं. आमच्याकडं ती डब्यांसाठी असते, जागा उरली तर माणसंही बसतात. सकाळच्या परभणी गाडीत ड्रायव्हरच्या मागं गावातल्या पोरापोरींचे डबे ओळीनं उभे असत, आणि रुद्राणीचा चार पुडाचा डबा त्यात पिवळ्या पिशवीत असे. परभणीच्या स्टँडवर ज्याचा त्यानं उचलायचा आणि संध्याकाळच्या गाडीत परत ठेवायचा.

आता रिकामं भांडं माघारी देऊ नये, हे आपल्याकडं पोरींना बोलायला लागायच्या आधी कळतं. रुद्राणी कधी त्यात चिमूटभर साखर टाकायची, कधी कढीपत्त्याची काडी. तिची आई चन्नबसम्मा डबा उघडायची, ती काडी बघायची आणि तेवढ्यावर तिची रात्र चांगली जायची.

दिवाळीनंतर रुद्राणीचा फोन आला. "आई, रोज डबा नको पाठवू. सोमवारी आन् गुरुवारी पाठव, पर मोठा पाठव. शेंगाची चटणी लय टाक."

अप्पा खूश झाले. आठवड्याचे चार डबे वाचले! गिऱ्हाइकाला त्यांनी आपणहून सांगितलं, "पोरगी माझ्यावर गेलीय." पण मग डबा जड येऊ लागला.

पहिल्यांदा त्यात ओंजळभर बदाम निघाले. पुढच्या वेळी खडीसाखर आणि खारका. नंतर एका गुरुवारी कोवळी काटेरी वांगी आणि मेथीची जुडी. चन्नबसम्मा हरखली. अप्पांनी मात्र बदाम तळहातावर घेतले, हात किंचित वरखाली केला आणि त्यांचा चेहरा उतरला. तराजूत न घालता वजन सांगणारा माणूस तो. लेकीला आपण महिन्याला काय देतो हे त्यांना पाठ होतं, आणि त्यात खोलीचं भाडं जाऊन बदाम बसत नव्हते.

"मंग हे देतंय कोन?" ते म्हणाले.

चन्नबसम्मा मेथी निवडायला बसली.

"आन् बाकीचे दिवस ही जेवती कुठं? हाटेलात? का कुनी घालतंय जेवायला?"

"अवो, फोन करून इचारा की."

"फोनवर सगळ्यांच्याच पोरी गुणाच्या असतेत. बुधवारी जातो आन् सामानासकट घेऊन येतो. परीक्षा बाहेरूनबी देता येती."

"आधी तिचं ऐकून तरी घ्या," चन्नबसम्मा म्हणाली. तिला पोरीची खात्री होती, पण नवऱ्याच्या हट्टाचीही होती. या घरात एकदा ठरलेलं मोडलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी अप्पा परभणीच्या स्टँडवर उतरले. रिक्षावाल्यांना त्यांनी नुसत्या मानेनं नकार दिला आणि विचारत विचारत चालत निघाले. रुद्राणीची खोली एका जुन्या घराच्या माडीवर होती. दार उघडंच होतं. आत दोन पोरी एकाच पुस्तकावर दोन बाजूंनी वाकून वाचत बसल्या होत्या. अप्पांना बघून दोघी ताडकन उठल्या.

"काका, तुमी रुद्राणीचे अप्पा न्हवं? फोटोत बघितलंय. बसा की," त्यातली उंच पोरगी म्हणाली. "मी सविता. ही राजेश्री."

अप्पा बसले नाहीत. नजरेनं त्यांनी खोली झाडून घेतली. दिवसाउजेडी दिवा बंद होता. खिडकीजवळ छोटी शेगडी होती आणि शेजारी पाण्यानं भरलेला माठ. उधळपट्टीची एक खूण दिसेना, आणि त्यामुळं तर त्यांना आणखीच राग येऊ लागला.

"रुद्राणी कुठं हाय?"

"डबा आनायला गेलीय. आज पेडगावचा डबा हाय ना."

"पेडगावचा? आमचं पेडगावात कोनबी न्हाई."

"आमचं हाय की," सविता हसून म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि हातात भला मोठा डबा घेऊन रुद्राणी दारात आली. वडिलांना बघून ती जागीच थांबली. ते का आले हे तिला त्यांच्या कपाळावरच्या आठीतच वाचता आलं. तिनं डबा खाली ठेवला, हात धुतले आणि वडिलांसमोर येऊन बसली.

"इचारा, अप्पा."

"बदाम कुठून आले?"

"राजेश्रीकडून. त्यांचं पाथरीला मंदिरापुढं प्रसादाचं दुकान हाय. तुटके बदाम पुड्यात घालता येत न्हाईत, ते डब्यात येतेत. तिघींचे वाटे करतो. माझा वाटा मी न खाता आईला पाठवला."

"आन् वांगी?"

"आमच्या रानातली," सविता म्हणाली.

मग रुद्राणीनं सगळं सांगितलं. आधी तिघींचे तीन गावांहून रोज तीन डबे यायचे. तीन घरी तीन आया पहाटे उठायच्या, इथं तिघी तीन वेळा स्टँडवर जायच्या, कुणाची गाडी चुकायची, कुणाचं वरण विटायचं. दिवाळीत राजेश्रीचे वडील म्हणाले, एवढं रोज निभणार नाही, मेस तर त्याहून नाही, कॉलेजातलं नाव काढून घे. तेव्हा रुद्राणीनं वाटणी बसवली. सोमवार-गुरुवार चारठाणा, मंगळवार-शुक्रवार पाथरी, बुधवार-शनिवार पेडगाव. एका घरानं दोनच दिवस करायचं, पण तिघींपुरतं करायचं. रविवारी खिचडी. पुस्तकंही तशीच, तिघींत एक.

"हिनं हे केलं नसतं ना काका, तर मी आज पाथरीला दुकानात पुड्या बांधत बसले असते," राजेश्री म्हणाली. "आन् काकूंची शेंगाची चटणी आमच्या पप्पांना एवढी आवडती, की मी घरी गेले की तेवढं एकच इचारतेत, चटणी आनली का."

अप्पांच्या मनातला एक खडा विरघळला होता. दुसरा मात्र तसाच होता, आणि तो जास्त टोचत होता.

"म्हंजे चार दिवस तू परक्या चुलीवरचं खातीस."

रुद्राणीनं मान खाली घातली नाही. "खाते, अप्पा. तुमाला सांगायची हिंमत झाली न्हाई, ही माझी चूक हाय. खाल्लं ही चूक न्हाई."

सविता मध्येच बोलली. "काका, आमच्या घरी वशाट शिजतंय, खोटं कशाला बोलू. पर लिंगायताची पोरगी आपलं खानार म्हनल्यावर आईनं बाजारातून नवं पातेलं आन् नवा तवा आनला. बुधवारी आन् शनिवारीच काढती. बाकीच्या दिवशी देवळीत पालथं असतंय. मी एकदा त्यात अंडी उकडायला घेतली, तर पळी फेकून मारली मला. म्हनली, त्या पोरीचा नेम तुज्या अंड्यासाठी मोडू का?"

"आईचं नाव काय तुज्या?" अप्पांनी विचारलं.

"तानुबाई."

अप्पांनी या तानुबाईला कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यात समोर आली असती तरी त्यांनी ओळखलं नसतं. आणि ती बाई पेडगावात बसून त्यांच्या घराचा नेम त्यांच्याइतक्याच हट्टानं सांभाळत होती. नव्या पातेल्याची किंमत अप्पा झोपेतही सांगू शकले असते, पण हे त्यांच्या हिशोबाच्या पलीकडचं होतं. दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या दिवशी वर्षातून एकदा गावजेवणाला पोतंभर तांदूळ देऊन ते छाती काढून फिरत. इथं तीन बाया रोज दासोह चालवत होत्या आणि कुणी त्याचं नावही काढत नव्हतं.

रुद्राणीनं तीन ताटं मांडली. चौथं मांडलं नाही. वडिलांचा नेम मोडायला लावायचा नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं.

"अप्पा, तुमच्यासाठी खालून केळी आनू?"

"कामून?" अप्पा गुरकावले. "केळ्याला पैशे पडतेत. हितं फुकटचं जेवन असताना केळी कशाला?"

तिघी त्यांच्याकडं बघत राहिल्या. अप्पांनी स्वतःच हात धुतले, गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे मिटले आणि पेडगावच्या भाकरीचा तुकडा मोडला. वांग्याचं भरीत झणझणीत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मिरचीवर ढकललं. मिरची तिखट होती हे खरं, पण पाणी तिचं नव्हतं. आपण आयुष्यभर वाचवलं ते सगळं गल्ल्यात जाऊन बसलं, आणि या पोरीनं वाचवलं त्यावर तीन पोरी शिकतायत, असं त्यांच्या मनात येत होतं. मनातून ते आपल्या लेकीपुढं हरले होते, आणि एवढं सुख त्यांना जिंकून कधी मिळालं नव्हतं.

"तुज्या आईला म्हनावं," ते सविताला म्हणाले, "चारठाण्याचा ईश्वरअप्पा जेवून गेला. पोटभर."

संध्याकाळच्या गाडीला रुद्राणी त्यांना सोडायला स्टँडवर आली. सगळ्या वाटेत दोघं पावसापाण्याचं आणि दुकानाचं बोलत होते. गाडी लागली तेव्हा तिला राहवलं नाही.

"अप्पा, खरं सांगा. मला न्यायला आलताव न्हवं?"

नाही म्हणावं असं अप्पांना फार वाटलं. पण पोरीनं आज त्यांना एकही खोटं सांगितलं नव्हतं.

"व्हय. सामानासकट."

"मंग?"

अप्पा पायरीवर चढले. मागून लोक ढकलायला लागले तरी ते दांडा धरून तिथंच उभे राहिले.

"आता ह्याच्यापुढं तुला न्यायला कुनीबी आलं, मी आलो तरीबी, तर जायचं न्हाई," ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "सांगायचं, ईश्वरअप्पाच्या पोरीला असं नेता येत न्हाई."